गावातली पहिली सुई

हे मी आजवर गावात कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या शाळेत गोवर-रुबेलाची लस टोचायला आरोग्य खात्याची माणसं आली, त्या दिवशी माझ्या मुलीच्या डाव्या अंगठ्याला शाई मी स्वतः लावली. सुई तिला कोणी टोचलीच नव्हती.

सुई टोचून झाली की मुलाच्या डाव्या अंगठ्यावर मार्कर पेनानं खूण करायची, अशी त्या मोहिमेची पद्धत होती. मत दिल्यावर बोटाला शाई लावतात, तसलाच प्रकार. खूण करायचं काम आम्हा मास्तरांकडे होतं. पेनं आदल्या दिवशीच शाळेत येऊन पडली होती आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. इतकं सोपं होतं ते.

मी मुळात कमी बोलणारा. खामगाव आणि चिखलीच्या मधल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी बरीच वर्षं गेली. मुलं पाठीमागे मला ‘मुके सर’ म्हणत, ते मला ठाऊक होतं. कमी बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो, तो जे काही बोलतो ते लोकांना खरंच वाटतं. त्या फायद्याचा मी एकदा गैरवापर केला. आणि गंमत अशी की, ज्या दिवसाची मला एवढी लाज वाटते, तोच आमच्या गावाचा मला आठवणारा सगळ्यात आनंदाचा दिवस आहे. दोन्ही खरं आहे. म्हणूनच बहुतेक इतकी वर्षं सांगता आलं नाही.

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा नुकती उघडली होती. कपाशीची वेचणी जोरात होती. अशा दिवसांत पालकसभेला पाच बायका आल्या तरी पुष्कळ, पण त्या दिवशी गाव लोटला होता. कारण मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्याशा गावात सुई टोचल्यावर पोरं पटापट खाली पडतात, असा. गाव कुठलं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण पाहिला सगळ्यांनी होता.

सगळ्यांत पुढे बसले होते आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे सात एकरांवर कपाशी-सोयाबीन करणारा, उंचापुरा, मिशीवाला गडी, माझ्याच वयाचा. त्याची धाकटी मुलगी आणि माझी मुलगी चौथीत एका बाकावर बसत. मला पाहिलं की तो ‘जय भीम, गुरुजी’ म्हणायचा, मी ‘राम राम, अध्यक्ष’ म्हणायचो, आणि मग आम्ही दोघं एका फटफटीवर बसून तालुक्याला जायचो, शाळेसाठी काही ना काही मागायला. भांडायचं काम त्याचं, अर्ज लिहायचं माझं.

“गुरुजी, मले एक सांगा,” तो उभा राहून म्हणाला. “पान्याचा टँकर मागतला तं आपल्याले चार महिने लागते. रस्त्यासाठी किती वर्सं झाले अर्ज करून राह्यलो. अन् हे इंजेक्शन मागतलं नाही, काही नाही, तरी फुकटात दारापोतर येऊन राह्यलं. सरकारले एकाएकी आपल्या पोट्ट्यायचा एवढा पुळका काऊन आला?”

सभा खो खो हसली. प्रश्न चुकीचा नव्हता.

“सक्ती हाय का इनंती?” मागून एकानं विचारलं. “सक्ती असन तं आमी नाही येत.”

“अन् इनंती असन तं?”

“तं मंग पाहू.”

“म्हन्जे तुमाले नुसता मान पाहिजे!” बायकांमधून त्या मागच्या गड्याच्याच बायकोनं टोला हाणला. “लग्नातबी असेच रुसले होते.”

वरून आलेल्या कागदात ‘सक्ती’ हा शब्द नव्हता. पण ‘शंभर टक्के’ हा होता. मी तो वाचून दाखवला. ज्याला जो अर्थ लावायचा तो त्यानं लावला. पुण्याच्या कारखान्यातून सुट्टीवर आलेला एक जण म्हणाला, सक्तीच पाहिजे, एकाच्या पोराले गोवर निघाला की बाकावरल्या साऱ्यायले लागते, मंग तुमचं पोट्टं तुमच्या एकट्याचं कसं? त्यावर एक बाई कडाडली, “हात सुजला, ताप भरला तं जागनार मी. हे शंभर टक्केवाले येनार हायेत का मीठपान्याच्या पट्ट्या ठेवाले?” तिलाही टाळ्या पडल्या. आमच्या गावाचं असं आहे. टाळ्या दोन्ही बाजूंना पडतात.

मग भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बोलली. तिचं बोलणं कोणी सहसा ऐकत नसे, त्या दिवशी ऐकलं.

“माह्ये दोन लेकरं गोवरात गेले. माता आली म्हनून आठ दिवस घरात फोडनी देल्ली नाही. दाराले लिंब बांधला. कोनी डोक्याले तेल लावलं नाही. सारं पाळलं, बाप्पा. माता गेली, संग माह्ये लेकरं घेऊन गेली. तवा कोनी सुई घेऊन आलं असतं अन् म्हतलं असतं का बाई, सक्ती हाय, तं म्या त्याचे पाय धुतले असते.”

अध्यक्ष खाली बसला. मिशीवरून हात फिरवला, परत उभा राहिला.

“ठीक हाय. बुढीचं मले पटलं. पन माही एक अट हाय. गुरुजी, पैली सुई तुमच्या पोरीले. तिचं पाहून मंग माह्या पोरीले, अन् मंग गाव. मंजूर?”

“मंजूर!” गाव ओरडला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, “हो.” एवढा एकच शब्द.

आता ते ‘हो’ कसं खोटं होतं, ते सांगतो.

माझी मुलगी दीड वर्षाची असताना तिला त्या वयाची लस दिली होती. संध्याकाळी ताप भरला. मी तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होतो, आणि एकाएकी तिचं अंग ताठ झालं. डोळे वर गेले. हातपाय झटके देऊ लागले. मला वाटलं, गेली. दोन-तीन मिनिटंच असेल ते, पण माझं निम्मं आयुष्य त्यात गेलं. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत ती नीट झाली होती, त्यांच्या टेबलावरचा शिक्का ओढत होती. डॉक्टर म्हणाले, तापाचा झटका आहे, काही मुलांना येतो, मागे काही ठेवत नाही. तसंच झालं. मुलगी टुणटुणीत राहिली. माझ्या डोक्याला ते सगळं पटलं. हातांना पटलं नाही. तिचं ते ताठ झालेलं अंग माझ्या हातांना आठवत राहिलं.

आमच्या घरात अंगात येणं, माता येणं, असलं काही कोणी मानत नव्हतं. माझे वडील बुद्धवंदना झाली की आम्हा भावंडांना बसवून सांगत, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, पारखून घ्या. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. फळ्यावर गोवराचा विषाणू काढायचो, गोल, त्याला काटे. आणि त्याच मी गावाला ‘हो’ म्हणून घरी आलो, तेव्हा माझं ठरलं होतं. गावातल्या सगळ्या मुलांना लस मिळाली पाहिजे. फक्त माझ्या मुलीला नको.

हे वाक्य आज लिहिताना मला कळतं ते किती वाईट आहे. त्या दिवशी ते मला प्रेम वाटलं होतं.

सकाळी सिस्टर आणि आशाताई लशीचा थंड डबा घेऊन आल्या. पहिलीच्या वर्गात त्यांची मांडामांड सुरू झाली. गाव मैदानात. मी मुलीला ऑफिसात नेलं, दार लोटलं.

“बाबा, लई दुखते का हो?” तिनं विचारलं. आधीच पांढरीफटक पडली होती.

“तुला टोचायचंच नाही.”

“मंग?”

मी पेनाचं टोपण काढलं. ती हुशार पोर, तिनं स्वतःच अंगठा पुढे केला. मी नखावर रेघ ओढली. “ही आपल्या दोघांचीच गोष्ट,” म्हणालो. तिला इतका आनंद झाला की ती तिथंच नाचायला लागली. मग मलाच सांगावं लागलं, “नाचू नको गं. थोडं दुखल्यासारखं कर.” मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारा मास्तर मी, आणि माझ्या मुलीला अभिनयाचा पहिला धडा मीच दिला.

सिस्टरला सांगितलं, हिचं मामाकडे होऊन गेलंय. मैदानात येऊन सांगितलं, “सिस्टरनी आल्याआल्या हिलाच टोचलं.”

अध्यक्ष पुढे आला. “आमच्या आधीच? आमी पाहाले आलो होतो नं, गुरुजी.” त्यानं वाकून तिचा अंगठा पाहिला. मुलीनं दंड धरून ‘आई गं’ केलं. त्यासरशी तो विरघळला. “अरे माह्या वाघिनी!” तो म्हणाला, आणि लोकांकडे वळला. “पाह्यलं नं? झालं बस. गुरुजी खोटं कायले बोलतीन?”

मग तो स्वतःच्या मुलीला घेऊन आत गेला. अर्धा गाव खिडक्यांना लोंबकळला. सिस्टरनं पोरीची बाही वर केली, तशी अध्यक्षानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे गच्च मिटले. सुई गेली, निघाली, कापूस दाबला गेला, तरी तो तसाच.

“बाबा,” त्याची मुलगी म्हणाली, “झालं नं. उघडा डोळे.”

खिडकीतून असा हशा उठला की झाडावरचे बगळे उडाले. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. “घरी नाल ठोकाले बैल पाडते, अन् सुईले भेते!” आणि मग रांग लागली. धक्काबुक्कीची रांग, जणू पुढच्याला काही जास्त मिळणार होतं. सातवीतली एक मुलगी चिंचेवर चढून बसली होती, खाली यायलाच तयार नव्हती. तिला खालून पंधरा-वीस माणसं समजावत होती. शेवटी तिनं वरूनच अट घातली, सव्वीस जानेवारीच्या लेझमीत मला पुढं उभं करा. मी कबूल केलं. ती उतरली, टोचून घेतलं, आणि सुई गेली तरी पापणी हलवली नाही.

टोचल्यावर मुलांना अर्धा तास बसवून ठेवायचं होतं. तिसरीच्या वर्गात मी त्यांना सांभाळत होतो. मला काय झालं कोणास ठाऊक, मी बोलायला लागलो. कोडी घातली, कोल्ह्याच्या गोष्टी सांगितल्या, प्राण्यांचे आवाज काढले. मुलं हसून हसून वाकली. ‘मुके सर गाढवावानी वरडते!’ असं एक चिमुरडी आईला सांगायला पळाली. अध्यक्षानं बाजारातून फुगे मागवले होते, प्रत्येक मुलाला एक. दुपारपर्यंत गावात जिकडे पाहावं तिकडे फुगा आणि शाईचा अंगठा. ती म्हातारी फाटकाशी बसून एकेका मुलाचा अंगठा हातात घेऊन पाहत होती. कोणाला काही झालं नाही. चार-दोन मुलांचं अंग कोमट झालं तेवढंच.

मी त्या सगळ्या आनंदात होतो, मनापासून होतो. आणि माझी मुलगी फुगा घेऊन मैत्रिणीसोबत पळताना दिसली की मी नजर दुसरीकडे वळवायचो.

संध्याकाळी बायकोनं मुलीच्या दंडावर ओल्या फडक्याची घडी ठेवली. सुई न टोचलेल्या दंडावर. मुलगी ‘हळू गं आई’ म्हणत कण्हत होती आणि एका डोळ्यानं माझ्याकडे पाहत होती. शिरा मागितला तिनं. मिळाला. मी पेपरात तोंड घालून बसलो.

पुढचे दिवस आणखी अवघड गेले, कारण अध्यक्ष बदलला. म्हणजे माणूस तोच, पण आता तो लशीच्या बाजूनं भांडायला लागला. बाजारात, एसटी थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे कोणी ‘आमी नाही देत बा पोट्ट्यायले’ म्हणायचा तिथे हा उभा राहायचा. “आमच्या गुरुजीनं काय केलं ठाऊक हाय का? साऱ्यायच्या आंधी आपली पोरगी पुढं केली!” दर वेळी गोष्टीत भर पडायची. आधी माझी मुलगी नुसती शांत बसली होती. मग ती हसली. एका साखरपुड्यात तर त्यानं सांगितलं, पोरगी म्हने, बाबा, दुसऱ्याबी हाताले टोचा. मी तिथंच बसलो होतो. लोक माझ्याकडे आदरानं पाहत होते. मी पानातली बुंदी चिवडत राहिलो.

हरभरा सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या, सुमाराला तो एक दिवस शाळेत धावत आला. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावात गोवर निघाला होता. काही मुलं दवाखान्यात होती.

“आपल्या गावात एकबी नाही, गुरुजी! तुमच्यानं झालं हे,” असं म्हणून त्यानं मला मिठीच मारली.

मी त्याच्या खांद्यावरून मैदानात पाहत होतो. दोनशे मुलं खेळत होती, आणि त्यांत मोहिमेची सुई न टोचलेली एकटीच होती. ती लंगडी घालत होती. त्या क्षणी ती जुनी भीती एका दुसऱ्या भीतीनं हुसकून लावली. मी स्वतःहून शहाणा झालो असतो तर बरं झालं असतं. तसं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मुलीला घेऊन खामगावची एसटी धरली. बायकोला सांगितलं, डोळे तपासून आणतो. तिथं आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. मुलांच्या डॉक्टर एक बाई होत्या. कार्ड पाहून त्यांनी विचारलं, “शाळेत मोहीम झाली ना? तेव्हा नाही दिली?”

“त्या दिवशी ही गावाला गेली होती,” मी म्हणालो.

“नाही हो मॅडम, शाळेतच होते मी,” मुलगी म्हणाली. “बाबांनीच माझ्या अंगठ्याले शाई लावली. मंग मी दुखल्यासारखं केलं. शिराबी खाल्ला.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता बोलणार. त्या आधी माझ्याकडे, मग मुलीकडे पाहून अशा हसायला लागल्या की बाहेरची कंपाउंडरबाई डोकावली. हसू आवरल्यावर त्यांनी कारण विचारलं. मी त्या झटक्याच्या संध्याकाळची हकिगत सांगितली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“तो तापाचा झटका होता,” त्या म्हणाल्या. “पाच-सहा वर्षांनंतर तो सहसा येत नाही. तुमची मुलगी त्या वयातून कधीच बाहेर पडली. तुम्हीच आत राहिलात.”

मुलीनं खुर्चीवर बसून स्वतः बाही वर केली. सुई गेली, आली. “एवढंच?” ती म्हणाली, जरा फसवल्यासारखी. आणि मला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, कंपाउंडरबाईनं मला बाकावर आडवं केलं. अर्धा तास थांबायचं होतं मुलीला, थांबलो मीच. ती माझ्या उशाशी बसून मला वारा घालत होती. येताजाता लोक विचारत, काय झालं यायले? ती ठणकावून सांगत होती, “इंजेक्शन मले देल्लं, अन् पडले हे.”

मग आम्ही स्टँडसमोर कचोरी खाल्ली. तिनं दोन खाल्ल्या. ताप आला नाही. काहीही झालं नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीतून पाहत होतो, हरभऱ्याची शेतं, मेंढ्यांचा कळप, रस्त्याकडेला उसाचा रस विकणारा, आणि मला सगळंच इतकं छान दिसत होतं की मी गाणं गुणगुणायला लागलो. मुलगी थक्क होऊन माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“आता मैत्रिणीले सांगू खरं?” तिनं विचारलं.

“नको,” मी म्हणालो. “मी सांगतो. आधी तिच्या बाबांना मी सांगतो.”

“कधी?”

“सांगतो.”

“बरं,” ती म्हणाली. “तुम्ही सांगेपर्यंत मी नाही सांगत.”

ती आज अकरावीत आहे. तिनं शब्द पाळलाय. मी नाही.

मधल्या काळात माझी बदली झाली, घर मात्र त्याच गावात राहिलं. अध्यक्ष आता अध्यक्ष नाही, पण गाव त्याला तेच म्हणतं. गेल्या हिवाळ्यात तो सकाळीच माझ्या दारात आला.

“गुरुजी, चाला. घरी काम हाय. तुमचंच काम हाय.”

काम असं होतं. त्याच्या मोठ्या मुलाचं लेकरू नऊ महिन्यांचं झालं होतं, गोवराच्या पहिल्या सुईची वेळ. सून मलकापूरकडची, बी.ए. झालेली, शांत. तिनं नाही म्हणून सांगितलं होतं. आधीच्या सुईला लेकराला ताप आला होता, ते रात्रभर रडलं होतं. घरात चार दिवस वाद चालला होता. नवरा म्हणे सक्ती आहे, सासू म्हणे शेजारीण काय म्हणेल, सासरा म्हणे गुरुजींना आणतो.

ओसरीवर तुरीच्या उकडलेल्या शेंगांची परात होती. आम्ही सोलत बसलो. सून लेकराला मांडीवर घेऊन दाराशी. अध्यक्षानं सुरुवात केली. “हे पाह्य बाई, या मानसानं गावात पैली सुई कोनाले टोचली? आपल्या पोरीले! भेला नाही.” आणि तो माझ्याकडे वळला. “सांगा नं गुरुजी, तुमच्या तोंडानं सांगा.”

मी शेंग सोलत राहिलो.

सूनच बोलली. “गुरुजी, तुम्हाले खरंच भ्या नाही वाटलं?”

तिचा आवाज मी ओळखला. तो माझाच होता. तिला गोष्ट नको होती, तिला सोबत हवी होती.

“वाटलं,” मी म्हणालो. “लई वाटलं.” आणि मी तिला ती संध्याकाळ सांगितली. ताठ झालेलं अंग, वर गेलेले डोळे. मला किती वर्षं त्याची भीती होती. मग खामगावच्या डॉक्टरबाईंनी काय सांगितलं ते. ताप आला तर घाबरायचं नाही, अंग पुसायचं, सिस्टर सांगतील तेवढं औषध द्यायचं, आणि त्यातूनही झटका आलाच तर तो काही मागे ठेवत नाही. “गोवर मात्र ठेवतो,” मी म्हणालो. “तुझी भीती खोटी नाही, पोरी. पण लेकरासाठी दोन भीतींमधली मोठी कोणती, ते आपणच पाहायचं असतं.”

ती ऐकत होती. अध्यक्षाच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “हे तं तुमी कधी बोललेच नाही. एवढं भेऊनबी तुमी पोरगी पुढं केली? तुमी तं लईच मोठे निंगाले.”

तेव्हा सांगायचं होतं. समोर होता, एकटक पाहत होता. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात सून लेकराला घेऊन उठली. “आज सिस्टर येनार हायेत नं अंगनवाडीत? चाला मंग. पन आबा, तुमीबी चाला. अन् डोळे उघडे ठेवा.”

घर हसलं. आम्ही सगळे निघालो, सासू, सून, नवरा, मागून शेजारणी, मधोमध टोपडं घातलेलं लेकरू. लेकरानं सुई टोचल्यावर एकदा जोरात भोकाड पसरलं, आणि सिस्टरचं नाक हाती लागताच लगेच थांबलं. अध्यक्षानं या वेळी डोळे उघडे ठेवले होते. त्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. मला म्हणाला, “जेवाले थांबा गुरुजी, भरीत हाय.” मी थांबलो. पोटभर जेवलो. सांगितलं नाही.

सक्ती असावी का नसावी, यावर आमच्या गावात आजही वाद होतो. मला अजूनही वाटतं, लस प्रत्येक मुलाला मिळालीच पाहिजे. पण ‘पाहिजे’ म्हणणाऱ्यानं आपलं मूल त्याच रांगेत उभं करावं. मी केलं नाही. ज्यानं केलं, तो आजवर माझंच कौतुक करत फिरला.

बायको हे वाचेल. मुलगी वाचेल, तिला बरं वाटेल. तो वाचणार नाही, त्याला वाचायचा कंटाळा आहे. म्हणून हे लिहून माझी सुटका होत नाही. त्याच्या ओसरीवर जाऊन, त्याच्या बायकोमुलांसमोर, माझ्या तोंडानं मला हे सांगायचं आहे, आणि ते मी अजून त्याचं देणं लागतो. त्या दिवशी गावात पहिली सुई टोचून घेणारी मुलगी त्याची होती. माझी नव्हती.